लिपस्टिक पाम घेताय? आधी मुळं बघा

गेल्या आषाढात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरापुढे, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटाकडेला लावायला मी चार लिपस्टिक पाम घेतले. लाल देठांचा हा पाम मूळचा मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतला. पाणथळ जमीन त्याला मानवते आणि आमच्या पाटाला बारा महिने पाणी.

रस्त्याकडेला टेम्पो लावलेल्या माणसाकडे छातीएवढी रोपं होती, १,८०० रुपयांना एक. या पामाचं बी रुजायलाच महिने लागतात, वाढही सावकाश. इतकं मोठं रोप इतक्या स्वस्तात कसं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. बिल "मागाहून देतो" म्हणाला. ७,२०० रुपये रोख मोजले.

पावसाळाभर रोपं टवटवीत. चतुर्थीला आलेले पाहुणे त्या लाखेसारख्या लाल देठांचे फोटो काढत होते. पण मधला कोंब काही उलगडेना. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला आणि पानांची टोकं करपू लागली. फोन केला, तर म्हणाला, "पाणी कमी पडतंय, याला चिखलच लागतो." मीही विश्वास ठेवून पंधरा दिवस आणखी पाणी घातलं. मग एके सकाळी कोंब नुसता धरला, तर अख्खा हातात आला. बुडाशी कुजलेला, वास मारणारा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या तात्यांनी रोप खणून काढलं. काथ्याने आवळलेला मातीचा गोळा फोडला, आत सपाट तोडलेलं काळं बूड. "बाय, ह्या रोपाक पाळांच ना गो!" म्हणजे मुळंच नाहीत. चारही तशीच.

पामाच्या मोठ्या बेटातले फुटवे कोयत्याने तोडून पिशवीत खोचलेले होते. खोडात साठलेलं पाणी आणि आपल्याकडची पावसाळी दमट हवा, एवढ्यावर असा फुटवा काही महिने हिरवा राहतो. म्हणूनच ही विक्री पावसाळ्यातच जोरात चालते. फुटव्याला स्वतःची मुळं असावी लागतात, आणि वेगळा केल्यावर तो सावलीत कुंडीत काही महिने रुळावा लागतो.

घेताना पिशवी उचलून खालच्या भोकांतून मुळं दिसतात का ते बघा. खोड हळूच हलवा. मातीत सैल डुलत असेल तर घेऊ नका. कुंडीत असताना उलगडलेलं एक तरी कोवळं पान दाखवायला सांगा. बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्याकडे कागद नाही, आणि त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

परवा डिचोलीला बाजाराबाहेर तशाच लाल देठांनी भरलेला टेम्पो दिसला, म्हणून हे घाईने लिहिलं.