माझ्या नावाचा पासवर्ड मी दुसऱ्याच्या हातात दिला

नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत चालू होती. समोर एचआरचे एक वयस्कर सर होते. त्यांनी माझा रेझ्युमे लॅपटॉपवर उघडला, थोडा वाचला आणि कीबोर्डवर कंट्रोल आणि ए दाबून सगळं पान सिलेक्ट केलं. मजकुरावर निळा पट्टा आला. खाली जिथे नुसती कोरी जागा होती, तिथेही पाच ओळी निळ्या झाल्या. कारखान्यांत मागितल्या जाणाऱ्या कोर्सची आणि सॉफ्टवेअरांची नावं: सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट, एसएपी, मिनीटॅब, पॉवर बीआय, शिवाय ऑडिटचा अनुभव. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, बारीक टायपात. सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

मी लिहिलं नव्हतं. पण वर नाव माझंच होतं. मुलाखत तिथेच संपली.

हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण नाशिकमध्ये माझ्यासारखे बरेच जण आज नोकरी शोधताहेत आणि हाच गळ त्यांच्यापुढेही टाकला जातोय.

मी मेकॅनिकल डिप्लोमा. पाच वर्षं अंबडच्याच एका व्हेंडर युनिटमध्ये इन्स्पेक्शनला होते. ऑर्डरी घटल्या, माणसं कमी केली, त्यात मी गेले. चार महिने अर्ज करत होते, एक फोन येईना. त्याच दिवसांत इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: पर्सनल ब्रँडिंग करा, कंपन्या तुमच्याकडे येतील. रविवारी मोफत वेबिनार. वेबिनार घेणारा माणूस बोलायला गोड होता. म्हणाला, तुमच्यात कमी काहीच नाही, तुम्ही फक्त दिसत नाही आहात. चार महिने कुणी विचारलेलं नसताना हे वाक्य कानावर पडलं की माणूस विरघळतो. मीही विरघळले.

शेवटी पडद्यावर फी आली. २४,९९९ वर काट, खाली १४,९९९, फक्त रात्री बारापर्यंत. साडेदहाला एका मुलीचा फोन आला. "मॅम, तुमच्यासाठी मी एक सीट होल्ड करून ठेवलीये." तिने माझा रेझ्युमे मागवला आणि पाच मिनिटांत लाल वर्तुळाचं चित्र पाठवलं. एटीएस स्कोअर १०० पैकी ३१. म्हणे, कंपनीचं सॉफ्टवेअरच तुमचा अर्ज फेकून देतं, माणसापर्यंत तो पोचतच नाही.

या स्कोअरबद्दल नीट समजून घ्या, कारण सगळी भीती इथेच पेरली जाते. एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवून ठेवण्याचं आणि त्यातून शोधण्याचं सॉफ्टवेअर. अशी सॉफ्टवेअरं कितीतरी आहेत आणि प्रत्येक कंपनी आपापल्या गरजेप्रमाणे ते लावते. सगळीकडे चालेल असा एकच स्कोअर अस्तित्वातच नाही. तो ३१ त्यांच्याच वेबसाइटने काढलेला आकडा होता. मी नंतर मैत्रिणीचा रेझ्युमे तिथे टाकून पाहिला, तिलाही तिशीतलाच स्कोअर आला. तिला आठ वर्षांचा अनुभव आहे आणि ती नोकरीत आहे. रेझ्युमेत जाहिरातीतले शब्द असावेत हे खरं, पण जे काम आपण केलंय त्याचेच, साध्या काळ्या अक्षरांत.

त्या रात्री मला हे ठाऊक नव्हतं. मी दोन हप्त्यांत यूपीआयने पैसे भरले. दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे भाड्याच्या सामायिक जागेतली एक काचेची केबिन. पावती मागितली तर म्हणाले मेलवर येईल. एक फॉर्म भरून घेतला. त्यात लिंक्डइनचा आयडी आणि पासवर्ड, नोकरीच्या साइटचा पासवर्ड, आणि "ओटीपी आला की लगेच सांगा". मी सगळं दिलं. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही हे मला माहीत होतं, पण ते फक्त बँकेपुरतं असतं असं मी धरून चालले होते.

पहिल्या आठवड्यात लिंक्डइनवर फॉलोअर सहाशेने वाढले. नावं बघितली तर बहुतेक परदेशी, फोटो नसलेली. मी विचारलं, तर "मॅम, अल्गोरिदमला पुश लागतो." मग पोस्ट सुरू झाल्या. रोज एक, इंग्रजीत, माझ्या नावाने. मी त्या आधी वाचायच्या असं ठरलं होतं, प्रत्यक्षात टाकून झाल्यावर मला दिसायच्या.

तिसऱ्या आठवड्यातली पोस्ट मी विसरू शकत नाही. तिच्यात लिहिलं होतं की माझे वडील रोजंदारीवर होते, काम मिळायचं नाही तेव्हा आम्ही पाणी पिऊन झोपायचो, आणि त्या भुकेने मला लढायला शिकवलं. आम्ही सातपूरच्या अशोकनगरचे. अप्पांनी एमआयडीसीत लेथवर बत्तीस वर्षं काढली. थंडीत, पावसात, सायकलवर, फर्स्ट शिफ्टला पहाटे निघायचे. आम्हा दोघा भावंडांची फी त्यांनी एकदाही थकवली नाही. त्यांच्या जुन्या शिफ्टमधल्या एका काकांच्या मुलाने ती पोस्ट पाहिली, काकांनी ती अप्पांना सकाळी चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. अप्पा घरी आले, चप्पल काढली, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "मी कधी तुम्हाला उपाशी झोपवलं का गं?"

मी तेव्हाच सगळं थांबवायला हवं होतं. मी फोन करून पोस्ट काढायला लावली. त्यांनी "इमोशनल स्टोरीला रीच मिळतो" असं समजावलं, वर दहा दिवसांत मुलाखती लागतील म्हणून शब्द दिला. भरलेल्या पैशांच्या आशेवर मी गप्प बसले. पैसे बुडाले असं स्वतःशी कबूल करायला फार जड जातं, आणि त्यांचा सगळा धंदा त्या जडपणावरच चालतो.

मुलाखत लागली ती खरं तर मी आधीच स्वतः केलेल्या अर्जामुळे. त्यांनी एवढंच केलं, की नोकरीच्या साइटवर जाऊन माझा जुना रेझ्युमे काढून त्या जागी पांढऱ्या ओळींचा ठेवला. स्कोअर ३१ चा ९४ झाला तो तसा.

अंबडहून परतले आणि त्याच संध्याकाळी सिन्नरच्या माझ्या जुन्या सहकारी मुलीचा फोन आला. माझ्याहून लहान, मुसळगाव एमआयडीसीत कामाला. म्हणाली, "ताई, तुझ्या मेसेजवरून रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरले, पण पुढे काही कळवलंच नाही कुणी." मी तिला मेसेज केलाच नव्हता. लिंक्डइन उघडलं. माझ्या खात्यातून एकशे चाळीस जणांना एकच मजकूर गेला होता: मला या कोर्सचा फार फायदा झाला, तूही नाव नोंदव, माझ्या ओळखीने सवलत मिळेल. त्यात माझे जुने मॅनेजर होते, कॉलेजचे सर होते. तिने शंका का घेतली नाही विचारलं तर म्हणाली, "तुझं नाव होतं ना ताई."

माझे पंधरा हजार गेले त्याचं दुःख आहेच. पण या वाक्याने जे झालं ते वेगळं होतं. सातपूर-अंबडमध्ये नोकऱ्या अजूनही निम्म्या ओळखीनेच लागतात. "पोरगी कामाची आहे, मायक्रोमीटर हातात दिला तर रीडिंग चुकत नाही," असं एक सुपरवायझर दुसऱ्याला फोनवर सांगतो आणि जागा भरते. ब्रँड म्हणतात तो हाच. तो माझ्याकडे पाच वर्षांचा होता. मी तो फॉर्मवर लिहून दिला.

त्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन खातं कुठे-कुठे उघडं आहे ते पाहिलं. माझ्या फोनशिवाय आणखी तीन ठिकाणी चालू होतं. सगळीकडून बाहेर काढलं, पासवर्ड बदलला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. ज्यांनी कुणाला पासवर्ड दिलाय त्यांनी हे वाचता-वाचताच करा. मग एकशे चाळीस जणांना एकेकाला लिहिलं की तो मेसेज माझा नव्हता. तीन दिवस लागले. सिन्नरच्या मुलीचे दोन हजार मी परत केले.

पैसे परत मागितले तर "डिजिटल सर्व्हिस नॉन-रिफंडेबल आहे" असं उत्तर, आणि नंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे मी स्वतःच पाठवले होते आणि तोवर दीड महिना लोटला होता, त्यामुळे ते थोपवता आले नाहीत. १९३० चा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, तेव्हा लाजून वेळ घालवू नका. पण दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मेसेज गेल्याचे स्क्रीनशॉट आणि तो फॉर्म भरतानाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद माझ्याकडे होते, ते तक्रारीला जोडले.

आणखी एक गोष्ट त्या ब्रँडिंगवाल्यांनी सुचवली होती, ती मी केली नाही, पण सांगायला हवी. आठ हजारांत एका बंद पडलेल्या कंपनीचं दोन वर्षांचं अनुभवपत्र. ते घेऊ नका. पडताळणीत कंपन्या पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागतात, त्यात यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकावर, कुठल्या मालकाने कधी पैसे भरले ते दिसतं. पत्र खोटं निघालं तर लागलेली नोकरीही जाते, आणि त्या वेळी पत्र विकणारा शेजारी उभा नसतो.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरून कळलं की हे प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात नेता येतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. एकाच सेवेत फसलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करू शकतात. माझ्या एकशे चाळीस मेसेजांमुळे ज्यांनी पैसे भरले अशा आणखी तिघांशी माझं बोलणं झालंय. सिन्नरची मुलगी धरून आम्ही पाच जण आहोत. कागद जुळवायचं काम चालू आहे. यूपीआयची नोंद, वेबिनारची जाहिरात, फोनवर दिलेल्या शब्दांचे मेसेज, जे असेल ते पुसू नका. ऑफिसची केबिन आता रिकामी आहे, पण पैसे ज्या खात्यात गेले त्याची नोंद आमच्या पाचही जणांकडे आहे.