परदेशी पाहुण्यांच्या व्हिसाचे काम बेळगावात करून घेताना

टिळकवाडीतील एका प्रवास-कार्यालयाकडे आम्ही पुतण्याच्या लग्नासाठी परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसाचे काम सोपवले होते. त्या कामाचे हे परीक्षण आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत. शिवाय शहरातील अशा बहुतेक कार्यालयांची कामाची रीत थोड्याफार फरकाने सारखीच असल्यामुळे वाचणाऱ्याला नावापेक्षा तपशील अधिक उपयोगी पडतील.

या कार्यालयाचे बहुतेक गिऱ्हाईक इथून बाहेर जाणारे आहे. थायलंड, मलेशिया, दुबईच्या सहली आणि मुलांच्या परदेशी शिक्षणाची कागदपत्रे हाच त्यांचा रोजचा धंदा. उलट दिशेच्या, म्हणजे परदेशी माणसाला भारतात आणण्याच्या कामाची सवय त्यांना लागली ती मलेशियातून केएलई संस्थेत वैद्यकीय शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला आल्यापासून चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते आणि ती कामे हे लोक करून देतात. आमचे काम त्या मानाने किरकोळ वाटत होते, पण पाहुण्यांची यादी समोर ठेवल्यावर प्रत्येकाची वाट निराळी निघाली.

पुतण्या इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याचे ब्रिटिश सहकारी, त्यांच्यातच काम करणारा एक जपानी गृहस्थ, एक नेपाळी मित्र आणि आमच्याच नात्यातली, आता कॅनडाचे पारपत्र असलेली एक मुलगी अशी ही मंडळी होती. आम्ही यादी देताना सगळ्यांच्या पुढे ‘लंडन’, ‘मँचेस्टर’ असे लिहिले होते. कार्यालयातील तरुणाने ती यादी बाजूला ठेवली आणि माणूस राहतो कुठे हे विचारण्याऐवजी पारपत्र कोणत्या देशाचे आहे हे विचारून नवी यादी केली. परीक्षणात पहिले गुण मी याला देईन, कारण व्हिसाचे नियम पारपत्राला चिकटलेले असतात आणि घरचा माणूस नेमका इथेच गोंधळतो.

नेपाळी मित्राच्या नावापुढे त्याने फुली मारली आणि सेवाशुल्कही लावले नाही. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. मात्र तिसऱ्या देशातून विमानाने येताना पारपत्र जवळ हवे, आणि चीन, हाँगकाँग, मकाव, पाकिस्तान अशा काही ठिकाणांहून थेट येत असेल तर ही सवलत चालत नाही. मालदीवच्या नागरिकांना पर्यटनासाठी नव्वद दिवसांपर्यंत व्हिसामाफी आहे. विनाव्हिसा भारतात येणाऱ्यांची यादी सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने जवळजवळ इथेच संपते, हे ऐकून आमच्या घरात अनेकांना नवल वाटले, कारण आपल्याला मलेशियाला असेच जाता येते तर त्यांनाही इथे असेच येता येत असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात असे प्रश्न देशादेशांत बरोबरीने सुटत नाहीत.

कॅनडावाल्या भाचीकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड, होते. ते कार्ड म्हणजे आजीवन, कितीही वेळा ये-जा करता येईल असा व्हिसाच असल्यामुळे तिला वेगळा अर्ज करायचा नव्हता. पण तिचे पारपत्र नुकतेच बदललेले होते. विशीच्या आत कार्ड काढलेल्याला वयाच्या विसाव्या वर्षानंतर पहिल्यांदा नवे पारपत्र मिळाले की ओसीआय कार्ड एकदा नव्याने काढावे लागते, आणि वीस वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पारपत्राची व पन्नाशीनंतर एकदा नव्या पारपत्राची प्रत फक्त ऑनलाइन चढवायची असते, हा 2021 नंतरचा नियम कार्यालयाने आपणहून सांगितला. तिला फक्त प्रत चढवायची असल्याने काम तिने घरी बसून केले. यालाही त्यांनी पैसे घेतले नाहीत.

सर्वांत चांगली सेवा मिळाली ती जपानी पाहुण्याच्या बाबतीत. त्याने स्वतःच वाचून ठेवले होते की जपानी नागरिकाला भारतात पोहोचल्यावर विमानतळावर साठ दिवसांचा व्हिसा मिळतो, तेव्हा आधी काही करायची गरज नाही. माहिती खरी होती. जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिराती यांच्या नागरिकांना ही सोय आहे. पण सगळी मंडळी गोव्यात मोपा विमानतळावर उतरून चोर्ला घाटाने बेळगावला येणार होती, कारण आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशातून थेट विमान येत नाही आणि मुंबई किंवा बेंगळुरूपेक्षा गोवा कितीतरी जवळ पडतो. “काका, गोव्यात उतरणार असतील तर हा व्हिसा चालत नाही बघा, तो मुंबई, बेंगळुरू, दिल्ली अशा ठरलेल्या विमानतळांवरच मिळतो,” असे त्या तरुणाने तिकिटाची प्रत पाहताच सांगितले. ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन अर्ज करून निघण्यापूर्वीच मिळवायचा व्हिसा, मात्र गोव्याच्या दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर चालतो, म्हणून त्या गृहस्थाचाही ई-व्हिसाच काढला. हे एक वाक्य वेळेवर कळले नसते तर माणूस मोपाहून परत गेला असता किंवा कदाचित लंडनलाच विमानात चढू दिला गेला नसता. बाराशे रुपये सेवाशुल्क या एका सल्ल्यात वसूल झाले असे मी मानतो.

ई-व्हिसा ही मूळची 2014 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली सोय आता दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांसाठी खुली आहे. पर्यटन ई-व्हिसा तीस दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असा मिळतो. त्यातच नातेवाईक वा मित्रांना भेटणे हा हेतूही बसतो, त्यामुळे लग्नाला येण्यासाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा लागत नाही. तीस दिवसांच्या व्हिसाचे सरकारी शुल्क बहुतेक देशांसाठी एप्रिल ते जून दहा डॉलर आणि उरलेल्या महिन्यांत पंचवीस डॉलर आहे; वर्षाला चाळीस आणि पाच वर्षांना ऐंशी डॉलर पडतात, वर बँकेचे शुल्क. काही देशांना दर निराळे आहेत. अर्ज नाकारला किंवा चुकला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून पारपत्राच्या तळाशी असलेल्या दोन ओळींमध्ये नाव जसे आहे तसेच, मधल्या नावासकट भरणे महत्त्वाचे ठरते. इंग्रजी माणसांना दोन-तीन मधली नावे असतात आणि ती कोणी वापरत नाही. कार्यालयाने ती प्रत्येकाकडून पुन्हा विचारून घेतली.

दोन गोष्टी त्यांनी पाहुण्यांना लेखी कळवल्या आणि त्या खरोखर कळवायला हव्या होत्या. पहिली अशी की तीस दिवसांच्या ई-व्हिसासाठी प्रवासाच्या आधीचे तीस दिवस सुरू झाल्यावरच अर्ज करता येतो आणि किमान चार दिवस हातात ठेवावे लागतात. लग्नपत्रिका दोन महिने आधी पोहोचली म्हणून अर्जही तेव्हाच करून टाकू, असे होत नाही. एक किंवा पाच वर्षांच्या व्हिसाला एकशे वीस दिवस आधी अर्ज करता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे तीस दिवसांच्या मंजुरीपत्रावर जी समाप्तीची तारीख छापलेली असते ती भारतात प्रवेश करण्याची शेवटची तारीख असते आणि मुक्कामाचे तीस दिवस पहिल्या प्रवेशापासून मोजले जातात, तर वर्षाच्या व्हिसाची मुदत मंजुरीच्या दिवसापासून धावू लागते. एका पाहुणीने छापलेली तारीख पाहून परतीचे तिकीट बदलायला घेतले होते, ते या खुलाशामुळे थांबले.

आता तक्रारीचा भाग. ब्रिटिश सहकाऱ्यांपैकी एकाचे आजोबा लाहोरचे. अर्जात आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी पाकिस्तानचे नागरिक होते का, असा स्पष्ट प्रश्न असतो आणि पाकिस्तानी मूळ असलेल्या व्यक्तीला, आजचे पारपत्र कोणत्याही देशाचे असले तरी, ई-व्हिसा न घेता भारतीय दूतावासामार्फत नेहमीचा कागदी व्हिसा मागावा लागतो. त्याला बराच अधिक वेळ लागतो आणि किती लागेल हे आधी सांगता येत नाही. हा प्रश्न पहिल्याच भेटीत, पारपत्रांची यादी करतानाच विचारायला हवा होता. तो विचारला गेला अर्ज भरता भरता, म्हणजे लग्न तीन आठवड्यांवर आले तेव्हा. पाहुण्याने लगेच लंडनमध्ये अर्ज दिला, पण व्हिसा हाती पडेपर्यंत निपाणीला नव्या सुनेच्या माहेरी झालेले कार्यक्रम आटोपले होते. अक्षतांना तो पोहोचला इतकेच. रोज असे अर्ज भरणाऱ्या कार्यालयाला तो प्रश्न पाठ असणार, आणि माझी सर्वांत मोठी नाराजी याच कारणाने आहे.

दुसरी तक्रार पारपत्रांच्या प्रती मागवण्याच्या पद्धतीची. सगळ्यांचे फोटो आणि पारपत्राची पाने एका कर्मचाऱ्याच्या खासगी व्हॉट्सअॅप क्रमांकावर मागवली गेली. काम झाल्यावर ती काढून टाकली का, असे विचारले असता “हो, काढतो की” एवढेच उत्तर मिळाले. त्यात भर म्हणजे व्हॉट्सअॅपवरून आलेल्या छायाचित्रांचा दर्जा घसरतो. अर्जाला चौकोनी, समान लांबी-रुंदीचे छायाचित्र लागते आणि पारपत्राचे पान पीडीएफ स्वरूपात तीनशे केबीपेक्षा लहान द्यावे लागते. दोघांची छायाचित्रे त्यामुळे पुन्हा मागवावी लागली. ईमेलवर मूळ प्रत मागवली असती तर हे दोन दिवस वाचले असते.

बिलाबद्दलही थोडे. सरकारी शुल्क आणि सेवाशुल्क एकाच आकड्यात मांडले होते. वेगवेगळे मागितल्यावर डॉलरचा दर बाजारापेक्षा चढा लावलेला दिसला. फरक फार नव्हता, पण तो विचारल्याशिवाय दिसत नव्हता, हे खटकले. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की पाहुण्यांनी स्वतः शोधायला सुरुवात केली असती तर सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि अनेक पट पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळेच त्यांना बहुधा आधी दिसली असती. खरे संकेतस्थळ गव्ह डॉट इन या पत्त्यावर संपते, आणि पुतण्याने मित्रांना ही एक खूण सांगितली तरी पुरते.

पाहुणे आल्यानंतरचे काम हा या सेवेतला मला न सुचलेला आणि म्हणून सर्वांत मोलाचा भाग. परदेशी नागरिक जिथे मुक्कामाला राहतो त्या जागेच्या चालकाने चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती द्यायची असते, आणि हा नियम हॉटेलांपुरता नसून घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही लागू आहे. बेळगावात याची फारशी कोणाला कल्पना नाही. आमचे काही पाहुणे हॉटेलात होते, तिथे ते आपोआप झाले. पण दोघांना शहापुरातले जुने घर आवडल्याने ते आमच्याकडेच राहिले. कार्यालयाने माझ्या नावाने खाते उघडून दिले, त्या दोघांची नोंद करून दाखवली आणि ते गेल्यावर नोंद बंद कशी करायची तेही शिकवले. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा नोंदीच्या बाबतीत ढिलाई करू नका, असेही बजावले. पाहुण्यांना भारतात पोहोचण्यापूर्वीच्या बहात्तर तासांत भरायचे ई-आगमन कार्ड मोफत असते, ते कोणाला पैसे देऊन भरून घेऊ नका, हाही सल्ला त्यांचाच. एका पाहुण्याला लग्नानंतर आंबोलीत भटकायचे होते आणि तो डोंगरात वापरायचे उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र बरोबर आणणार होता. परवानगीशिवाय असे यंत्र भारतात आणल्यास विमानतळावरच अडचण येते, हे त्याला वेळेत कळल्यामुळे यंत्र घरी राहिले.

कार्यालयात मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळे चालते, वागणूक आदराची आहे. रविवारी मात्र फोन लागत नाही. अर्जातल्या त्रुटींच्या ईमेल शनिवार-रविवारीही येऊ शकतात, तेव्हा अर्जात कार्यालयाचा ईमेल देऊ नये. पाहुण्याचा स्वतःचा द्यावा.

पाहुणा एकच असेल, त्याचे पारपत्र सरळसाधे असेल आणि तो हॉटेलात उतरणार असेल तर हे काम कोणीही घरी बसून करू शकतो आणि त्यासाठी बाराशे रुपये देण्याचे कारण नाही. निरनिराळ्या देशांची माणसे असतील किंवा कोणी घरी राहणार असेल तर याच कार्यालयाकडे पुन्हा जायला माझी हरकत नाही, फक्त आजी-आजोबांच्या मुळाचा प्रश्न पहिल्या दिवशी मी स्वतः काढीन आणि बिल दोन रकान्यांत मागीन. लाहोरच्या आजोबांच्या नातवासाठी घेतलेले सेवाशुल्क त्यांनी दोनदा सांगितल्यावर परत केले, आणि पावतीही दिली.