शाळेच्या मैदानाचं काम: मुरूम पास, हरळी नापास

सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी तेवीस वर्षं खेळ शिकवतेय, त्यात बहुतेक खो-खोच. आमच्या मैदानाचं काम 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये एका ठेकेदाराकडून करून घेतलं. परवा त्यांच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, चार ओळी चांगल्या लिहा की." लिहिते, पण वर्ष उलटल्यावर जसं दिसतंय तसं लिहिते. नाव मुद्दाम गाळलंय. या धंद्यात सगळे एकमेकांच्याच गाड्या भाड्याने फिरवतात, नावाने फारसा फरक पडत नाही.

त्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. मुलींची कॅप्टन प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे, आणि दोन्ही कप भारताकडे. लगेच आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली, "बाई, शाळेला मॅट घेऊन देतो." म्हटलं, मॅट अंथरणार कुठे? पावसाळ्यात मैदानात घोटाभर चिखल, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. काळी रानमाती ती, ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. आधी जमीन करा. पोरं ऐकणारी निघाली, सात लाखांच्या आसपास रक्कम उभी राहिली.

साठ बाय चाळीस मीटरचा तुकडा धरला. सहा इंच काळी माती उचलायची, तिथे दाबून सहा इंच मुरूम भरायचा, खो-खो आणि कबड्डीच्या जागेवर वर दोन इंच चाळलेली तांबडी माती, उरलेल्या भागात हरळीचं गवत. काळी माती न्यायला पालकांचेच ट्रॅक्टर आले, दोन दिवसांत ढीग गायब. त्यातली दोन ट्रॉली मी अडवून ठेवली. ठेकेदार हसला. पण जी माती मैदानाला शाप तीच क्रिकेटच्या खेळपट्टीला हवी असते. मुलांनी कोपऱ्यात बावीस यार्डांची पट्टी तिच्यातच केली, गोणपाट टाकून, पाणी मारून, हातरोलर ओढून.

आता मुरमाचं, कारण पैसे इथेच जातात. 2,400 चौरस मीटर म्हणजे साधारण 25,800 चौरस फूट. त्यावर अर्धा फूट थर म्हणजे 12,900 घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर 129 ब्रास. पण हा दाबलेला मुरूम झाला. गाडीत येतो तो सुटा, दाबल्यावर बसतो. आमच्या करारात नुसतं "प्रति ब्रास" लिहिलं होतं, सुटा की दाबलेला याचा पत्ता नाही. ही चूक माझी. सुदैवाने नववीच्या मुली सुट्टीतही प्रॅक्टिसला यायच्या. त्यांनी प्रत्येक डंपरला भिंतीवर खडूची एक रेघ मारली. 54 रेघा झाल्या. तीन ब्रासचा डंपर, म्हणजे 162 ब्रास. बिल आलं 190 चं! मी रेघा दाखवल्या, ते म्हणाले मुली चुकल्या असतील. मग मी मुरमासाठी सरकारला भरलेल्या रॉयल्टीच्या, गाडीगणिक पावत्या मागितल्या, तेव्हा 162 वर आले. भांडण झालं नाही, चहासुद्धा त्यांनीच पाजला.

एवढं होऊनही मुरमाच्या कामाला मी पैकीच्या पैकी मार्क देईन, आणि ते रोलरवरच्या मामांमुळे. ठेकेदाराचा पोरगा सहा इंच एकदमच पसरून व्हायब्रेटर फिरवा म्हणत होता. मामांनी तीन-तीन इंचांचे दोन थर केले. टँकरने पाणी मारल्यावर ते खाली उतरायचे, मूठभर मुरूम उचलून आवळायचे. लाडू वळला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. लाडू फुटला तर आणखी पाणी, हात भिजला तर तासभर बिडी ओढत बसायचं. "ओल्यावर फिरवला की वरनं गुळगुळीत दिसतो बाई, आतनं लापशी." मी एवढी वर्षं मैदानावर काढली, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

उताराचा किस्सा निराळाच. मधोमध कणा ठेवून दोन्ही बाजूंना शंभराला एक उतार ठरला होता, म्हणजे वीस मीटरला वीस सेंटिमीटर. आमचे मुख्याध्यापक सर गेटात उभे राहून म्हणाले, मैदान वाकडं दिसतंय. वीस मीटरात वीतभर उतार डोळ्याला दिसतच नाही, पण सरांना दिसला. ठेकेदार तर सपाट करायला तयारच, त्याचं काम वाचतं. शेवटी आमच्या एका मुलीचे आजोबा, जुने गवंडी, पाण्याची नळी घेऊन आले आणि पाणसळ धरून एकेक ठिकाण तपासत गेले. दोन ठिकाणी मुरूम उचलायला लावला.

त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस धो धो कोसळला, सगळ्यांना आठवत असेल. पाऊस थांबल्यावर दोन तासांत मुली मुरमाच्या भागावर पळत होत्या. मी रडायचीच बाकी होते. फक्त कंपाउंडच्या कोपऱ्यात तळं साचलं. उतार भिंतीपर्यंत बरोबर, पण भिंतीपलीकडे पाणी जाणार कसं? चर खणलेला, त्याला बाहेर तोंडच नाही. ठेकेदार म्हणाला, भिंत आमच्या कामात नव्हती. खरंच नव्हती. दोन मोऱ्या आम्हीच फोडल्या.

तांबड्या मातीला मात्र माझे मार्क कमी. करारात "चाळलेली" हा शब्द होता. आलेल्या मातीत बोराएवढे खडे. खो-खोत डाइव्ह मारणाऱ्या मुलीला एवढा खडा पुरतो, ढोपरापासून कोपरापर्यंत सोलून निघते. मुलींनी चार दिवस ओळीने बसून खडे वेचले, मग मी वाळूची चाळण आणून उरलेली माती परत चाळायला लावली. त्यातच आणखी एक गंमत. खांब आधी रोवले, माती नंतर पडली. जमिनीवर 122 सेंटिमीटर असलेला खांब दोन इंच माती चढल्यावर 117 वर आला. नियमात 120 ते 125 लागतो. स्पर्धेच्या सकाळी पंचांनी टेप लावला असता तर? दोन्ही खांब उपटून पुन्हा रोवले. त्याचे पैसे मात्र त्यांनी मागितले नाहीत.

हरळी नापास. एप्रिलच्या शेवटी लावू नका, मृगाची वाट बघा, असं मी तीनदा सांगितलं. पण बिल काढायचं होतं. फूटफूट अंतरावर ठोंब लावले, आमच्या बोअरला दिवसाला तासभर पाणी, अर्ध्याहून जास्त वाळून कोळ झाले. आणि घेतले होते पोत्यावर भाव ठरवून! आमच्या गावात माणसं जन्मभर बांधावरची हरळी उपटत कंबर मोडून घेतात, आणि आम्ही ती विकत आणली. जूनमध्ये पोरांनी घराघरातल्या बांधावरून फुकट पोती भरून आणली, ती लावली, आणि दिवाळीपर्यंत गालिचा झाला.

एक वर्ष देखभाल बिलात धरलेली होती. माणसं दोनदा आली. पहिल्यांदा कडेचं गवत कापून गेली, दुसऱ्यांदा फोटो काढून. रोजचं काम आम्हीच करतो: संध्याकाळी तांबड्या मातीवर पाण्याचा सडा, शनिवारी लाकडी फळी ओढून खड्डे भरणं, सामन्याआधी रेषांना फक्की. मुरमात उंदरांचं बीळ दिसलं की लगेच दगड-मुरूम ठोकून बंद.

कुणाला काम द्यायचं असेल तर खणणं, मुरूम आणि रोलर त्यांना जरूर द्या, त्यात हात धरणारं कुणी नाही. करारात "दाबलेला" किंवा "सुटा" यांपैकी एक शब्द लिहून घ्या, हरळी आणि देखभाल बिलातून काढून टाका. आणि रोलरवर मामाच हवेत ही अट घाला. त्यांना मुकादम "म्हातारा" म्हणतात, तेवढ्यावरून सापडतील.