आठ गिअरच्या जुन्या एमटीबीला नऊचा डिरेलर: शिमानो अल्टस आरडी-एम२०००

पुढे तीन, मागे आठ गिअरची २६ इंची जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घरात असेल आणि तिचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) खिळखिळा झाला असेल, तर शिमानोचा अल्टस आरडी-एम२००० बिनधास्त घ्या. हा नऊ स्पीडचा, म्हणजे मागे नऊ चक्र्या असलेल्या सायकलींसाठीचा, म्हणून विकला जातो, त्यामुळे बरेच दुकानदार ‘तुमच्या आठवाल्या सायकलला बसणार नाही’ म्हणून मोकळे होतात. बसतो आणि उत्तम चालतो. माझ्या सायकलने गेला अख्खा पावसाळा त्याच्यावर काढलाय.

सायकल अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली. पुढे २२-३२-४२ दात, मागे ११-३४ दातांची कॅसेट, म्हणजे चक्र्यांचा संच. पुण्यात कोथरूडहून सकाळी वेताळ टेकडी, सुट्टीच्या दिवशी खडकवासल्यावरून डोणजे, एवढं तिचं जग. फ्रेम ठणठणीत, चाकं सरळ, ब्रेक चोख. मागचे गिअर मात्र छळायला लागले होते. चढावर पायात जोर आला की चेन मध्येच एक चक्री खाली सटकायची. केबल ताणून घेतली की थोडं अंतर बरं जायचं, की पुन्हा तीच खडखड.

एका मोठ्या दुकानात सायकल दाखवली, तर सायकलकडे नीट न बघताच ‘हे मॉडेल जुनं झालं, नवीनच घ्या’ असं ऐकायला मिळालं. दुसऱ्या ठिकाणी पुढची तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रं) काढून एकच लावायचा सल्ला मिळाला. म्हणजे शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर, कॅसेट, चेन आणि पुढची रिंग, सगळंच नवीन. ज्या सायकलचा एकच भाग झिजलाय तिच्यावर एवढा खर्च कशासाठी? डोणज्यातून गोळेवाडीच्या पुढे चढ सुरू झाला की पुढचे २२ आणि मागचे ३४ दात माझ्या गुडघ्यांना सांभाळून घेतात. ते मी सोडणार नाही.

शेवटी आमच्या भागातल्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि डिरेलरला हात लावायच्या आधीच म्हणाले, “ताई, आधी हँगर बघू. तो वाकडा असला तर हजाराचा डिरेलर लावा की दहा हजारांचा, गिअर बोंबलणारच.” हँगर म्हणजे फ्रेमचा तो छोटा तुकडा, ज्याला डिरेलर अडकतो. जुना डिरेलर सोडवून त्यांनी हँगरच्या आट्यांत गेज (वाकडेपणा मोजायचं साधन) बसवला आणि त्याचा लांब दांडा रिमभोवती फिरवत चारही बाजूंचं अंतर ताडून पाहिलं. वर आणि खाली अंतरात ठळक फरक होता. हँगर आत वाकला होता, कधीतरी सायकल उजव्या कुशीवर पडल्याचा परिणाम. त्याच दांड्याने हळूहळू दाबत त्यांनी तो सरळ केला. अ‍ॅल्युमिनियमचा हँगर असं वाकवणं फार वेळा सोसत नाही, तेव्हा आपल्या फ्रेमचा जादा हँगर मिळत असेल तर आणून ठेवा.

हँगर सरळ झाल्यावर जुना डिरेलर तात्पुरता परत लावला. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग खुद्द डिरेलर तपासला. ही तपासणी घरीही करता येते. खालचा पिंजरा, म्हणजे दोन लहान दातेरी पुल्या धरणारी चौकट, दोन बोटांत धरून आडवा हलवायचा. वरच्या पुलीला थोडी आडवी ढिलाई असते, ती शिमानोने मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे पुली चक्रीखाली आपली आपण नीट येते. तिला झीज समजू नका. बघायचं ते वरचं अंग. समांतरभुज चौकोनासारख्या त्या चार सांध्यांतल्या पिना घासल्या की पिंजरा टोकाशी बराच डुलतो. मग शिफ्टरने केबल कितीही मोजून ओढली तरी पुली ठरलेल्या जागी थांबत नाही. माझ्या जुन्या डिरेलरचा पिंजरा उघड डुलत होता आणि खालच्या पुलीचे दात टोकदार झाले होते. पुल्या बदलता येतात, पण पिनांचा खुळखुळा स्क्रू पिळून जात नाही.

चेनही मोजून घेतली. बारा अख्ख्या कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. पट्टी लावल्यावर एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश भरली तर बहुतेक वेळा कॅसेटही गेलेली असते. माझी पहिल्या गटातली निघाली, म्हणून नवी आठ स्पीडची चेन घेतली आणि कॅसेट वाचली.

आता नऊचा डिरेलर आठच्या कॅसेटवर कसा चालतो ते. डिरेलरला किती गिअर आहेत ते कळतच नाही. क्लिक असतात शिफ्टरमध्ये. शिफ्टर ठरावीक केबल ओढतो आणि डिरेलर त्या ओढीच्या ठरावीक पटीत सरकतो. एमटीबीच्या सात, आठ आणि नऊ स्पीडच्या शिमानो डिरेलरांत ही पट एकच आहे. दहा स्पीडपासून शिमानोने ती बदलली, त्यामुळे आठच्या शिफ्टरबरोबर दहाचा डिरेलर घेऊ नका, गिअर कधीच जुळणार नाहीत. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचंही गणित वेगळं आहे. शिफ्टर आणि डिरेलर एकाच घरचे हवेत, तेही याच पिढ्यांतले.

दुसरा हिशोब क्षमतेचा. पुढच्या मोठ्या-लहान रिंगांतला फरक ४२ वजा २२, म्हणजे २०. मागचा ३४ वजा ११, म्हणजे २३. एकूण ४३ दातांची ढिली चेन गोळा करू शकेल असा लांब पिंजऱ्याचा डिरेलर हवा. अल्टसमध्ये हे बसतं आणि मागची सर्वांत मोठी चक्री ३६ दातांपर्यंत चालते. मला तो दोन हजारांच्या आत मिळाला. शिमानोचाच याच्याहून वरच्या दर्जाचा अलिव्हिओ दिसायला देखणा आहे, पण जुन्या सायकलवर जादा पैसे घालायचेच असतील तर मी ते चांगल्या केबलवर आणि आउटरवर (केबलच्या बाहेरच्या नळीवर) घालेन.

अल्टसची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं बसणं. शिमानो या ठेवणीला शॅडो म्हणते. जुना डिरेलर चाकाबाहेर चांगलाच डोकावायचा. हा कॅसेटच्या खाली, आत सरकून राहतो. वेताळ टेकडीवर घाणेरीच्या झुडपांतून जाणाऱ्या अरुंद वाटांवर पूर्वी फांद्या डिरेलरला ओरबाडायच्या, ते जवळजवळ थांबलं. सायकल उजवीकडे कलंडली तरी पहिला मार त्याला बसत नाही.

या ठेवणीमुळे केबलची शेवटची वाट मात्र बदलते. जुन्या पद्धतीत आउटर मागून मोठा वळसा घेऊन डिरेलरमध्ये शिरायचा, इथे तो बराच सरळ, पुढच्या बाजूने येतो. म्हणून जुना शेवटचा तुकडा तसाच वापरू नका, नवा आखूड कापून घ्या. आउटर गिअरचाच हवा. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गोल गुंडाळलेली असते, ती दाबली जाते आणि गिअर चुकतात. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीत सरळ असतात. कापल्यावर तोंड कानशीने सपाट करायचं आणि आतली चेपलेली नळी टोच्याने मोकळी करायची. दुकानात घाईत नेमकं हेच राहून जातं, म्हणून मी काकांच्या शेजारी उभी राहून करून घेतलं.

बसवायला पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की पुरते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस, हाताने पहिले फेरे, मग आवळणं. आवळताना बी-स्क्रूचं (वरची पुली चक्रीपासून किती दूर राहील ते ठरवणाऱ्या स्क्रूचं) टोक हँगरच्या खाचेच्या मागेच राहतंय ना ते बघा, नाहीतर तिथली पट्टी चेपते. मग केबल न जोडता एच (सर्वांत लहान चक्रीकडची) आणि एल (सर्वांत मोठ्या चक्रीकडची) या दोन मर्यादा स्क्रूने ठरवायच्या. एलकडे जास्त लक्ष द्या. ती ढिली राहिली तर चढावर चेन मोठ्या चक्रीवरून स्पोकमध्ये जाते आणि डिरेलर, हँगर, स्पोक सगळ्यांचाच निकाल लागतो. बी-स्क्रू पुढे लहान रिंग आणि मागे मोठी चक्री लावून, पेडल उलटं फिरवत बघायचा. वरची पुली चक्रीला जितकी जवळ तितकं शिफ्टिंग कुरकुरीत, फक्त घासता कामा नये. माझ्याकडे ५-६ मिलिमीटरवर छान जमलं. बाकी बारीक जुळणी शिफ्टरजवळच्या बॅरलने, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायच्या फिरत्या बोंडाने. मोठ्या चक्रीवर जायला चेन आळस करत असेल तर बॅरल अर्धा फेरा बाहेर, लहानावर यायला कुरकुरत असेल तर आत.

परिणाम? क्लिक दाबला की चेन लगेच जागेवर बसते. चढावर सटकणं बंद झालंय. पाठीवर सामानाची बॅग असताना, पेडलवर जोर ठेवूनही ३२ वरून २२ च्या रिंगवर उतरताना मागची चेन शांत राहते.

उणिवाही सांगते. यात क्लच (पिंजरा घट्ट धरून चेन उडू न देणारी सोय) नाही, त्यामुळे टेकडीवरून खडकाळ उतार सुसाट उतरलात तर चेन फ्रेमच्या मागच्या दांडीवर आपटते. दांडीला जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळला की आवाज बराच कमी होतो. पुल्यांत साधे बुश आहेत, सीलबंद बेअरिंग नाही. पुण्याचा लाल चिखल आत गेला की त्या कुईकुई करतात. पावसाळ्यात अधूनमधून पुल्या काढून पुसायच्या आणि बुशला ग्रीस लावायचं. दोन्ही पुल्या एकदम सोडवू नका, वरची वर आणि खालचीच खाली जायला हवी.

ज्यांच्या फ्रेमला हँगरच नाही आणि डिरेलर मागच्या एक्सलच्या नटाखाली दाबलेल्या पट्टीवर लटकतो, त्यांनी हा घेऊ नये. त्यांनी पट्टीसकट येणारा शिमानोचाच टूर्नी डिरेलर शोधावा. मागे ४० किंवा ४२ दातांची चक्री लावलेल्यांचंही याच्यात भागणार नाही. बाकी सात आणि आठवाल्यांनी दुकानात जाताना जुना डिरेलर काढून सोबत न्यावा, चेनरिंगचे आणि कॅसेटचे दात कागदावर लिहून न्यावेत आणि हँगर गेजवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.