मनोरुग्णालयातली ओटी: मामासाठी घेतली, 5 पैकी साडेतीन स्टार

ही ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही, ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पेशंटला परत स्वतः करता यावीत म्हणून दिलेली थेरपी. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडायलाच लागली की आता भावाच्या डोक्याचं ऑपरेशन करणार. हॉस्पिटल सरकारी आहे, नाव लिहीत नाही.

मामा 2015 ला ॲडमिट झाला तो सात वर्षं आतच. वॉर्डातली ओटी म्हणजे कागदी पिशव्या आणि पणत्या रंगवणं. वाईट नाही, सकाळी उठायला काहीतरी निमित्त मिळतं, पण घरी येऊन काय वर्षभर पणत्या रंगवणार?

मग नवीन ओटी मॅडम आल्या, त्यांनी सरळ विचारलं, घरी गेल्यावर काय करायचंय? मामा म्हणाला भाजी आणायचीय, आधी तोच आणायचा ना. तर मॅडमनी भाजी आणण्याचे तुकडे पाडले, यादी करणं, पिशवी घेणं, रस्ता ओलांडणं, भाव विचारणं, सुट्टे मोजणं, आधी वॉर्डात खोटं दुकान मांडून, मग कँटीनमधे, मग मंडई.

मंडईच्या तीन फेऱ्या रद्द झाल्या. गाडी असली तर अटेंडंट नाही, अटेंडंट असला तर गाडी नाही, आणि मामा दरवेळी सकाळपासून शर्ट इन करून बसलेला. चौथ्या वेळी मी रजा टाकून सोबत गेलो, रिक्षाने. मेथी, टोमॅटो घेऊन झालं, मी दिलेली 200 ची पिवळी नोट मामाने उलटसुलट बघितली आणि अडूनच बसला, ही खोटी आहे, मी देणार नाही. मला घाम फुटला, मॅडमना हळूच म्हटलं परत संशय सुरू झाला वाटतं, डॉक्टरांना सांगू का. त्या म्हणाल्या, अहो, ही नोट आली 2017 ला, यांनी बघितली कुठे? युपीआय पण 2016 चं, त्यामुळे भाजीवालीच्या गाडीवरचा तो क्यूआर कोड म्हणजे मामाला कसलं तरी कोडंच वाटत होतं. तिथे मी गप्प झालो.

घरी येऊन आता दहा महिने झाले. मंगळवारची भाजी मामाच आणतो आणि कोथिंबिरीवरून भांडतो, त्याच्या हिशोबात ती अजून भाजीवर फुकट मिळते.

दीड स्टार कशाचा कापला, तर पेशंट शेकड्याने आणि ओटी मॅडम एकच, शिवाय डिस्चार्जनंतर एक फोन नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 19 आहे, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवता येत नाही, पण ती सोय शोधायची मात्र आपणच. आणि हो, शेवटची दोन वर्षं डॉक्टर घेऊन जा म्हणत होते, आम्हीच नेत नव्हतो, ते पण लिहून टाकतो.

भेटीला गेलात तर नुसता बिस्किटपुडा देऊन परत येऊ नका, ओटी डिपार्टमेंटला जाऊन बाहेर कधी नेणार ते विचारा, मी येतो सोबत म्हणा. सकाळी अकराच्या आत जा, नंतर मॅडम वॉर्डात असतात, सापडत नाहीत.