कांडी रसाची की गराची?

घरी फळांची बर्फाची कांडी करायची म्हटलं की साचा सिलिकॉनचा घ्यावा की प्लॅस्टिकचा, यावर लोक बराच वेळ घालवतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवावी. फळ पिळून, गाळून त्याचा रस साच्यात ओतायचा, की फळ गरासकट मिक्सरमधून फिरवून जाडसर मिश्रण भरायचं? कांडी कशी लागणार हे बरंचसं इथेच ठरतं. मी दोन्ही तऱ्हांनी भरपूर कांड्या केल्या आहेत आणि आता माझा हात आपोआप एकीकडे वळतो. पण काही फळांच्या बाबतीत आणि काही खाणाऱ्यांच्या बाबतीत निवड उलटी होऊ शकते, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

रसाच्या कांडीचं मला मनापासून कौतुक आहे. काळी द्राक्षं सालीसकट जराशी उकळून, गाळून, तो रस गार करून लावला की कांडी उजेडात धरल्यावर जांभळी आरपार दिसते. गराच्या कांडीला हे रूप कधीच येत नाही. रसाची कांडी दाताखाली कुडकुडते, तहान लगेच भागवते आणि भरल्या पोटीही जड वाटत नाही. मान जुना तोही तिचाच. १९०५ साली फ्रँक एपर्सन नावाच्या ११ वर्षांच्या अमेरिकन मुलाने सोडा-सरबताची पूड घातलेलं पाणी ढवळायच्या काडीसकट रात्रभर थंडीत बाहेर ठेवलं आणि सकाळी ते काडीभोवती गोठलेलं सापडलं, अशी हकिगत सांगतात. १९२४ मध्ये त्याला त्याचं पेटंटही मिळालं. म्हणजे काडीवरच्या या गारव्याची सुरुवात झाली ती पातळ सरबतापासूनच.

तरीही माझं मत फिरलं ते एका कटकटीमुळे. रसाची कांडी निम्मी संपेपर्यंत झकास लागते. मग चोखता चोखता तिचा रंग उतरायला लागतो. आधी टोक फिकट होतं, मग तो फिकेपणा वर चढत जातो आणि शेवटी काडीला धरून उरतो तो नुसता पांढरा बर्फ, ना गोड ना आंबट. फळाचं सगळं सत्त्व केव्हाच पोटात गेलेलं असतं. मुलं तर तेवढा तुकडा ताटलीत ठेवून सरळ उठून जातात. चांगलं फळ आणून, निगुतीने गाळून केलेल्या कांडीचा शेवट असा व्हावा, हे मला फार लागतं. साखर वाढवून फारसा उपयोग होत नाही. साखर जास्त झाली की कांडी घट्ट धरत नाही आणि साच्यातून काढताना काडी एकटीच हातात येते.

असं का होतं, ते कांडी मधोमध मोडली की दिसतं. कडेला फिकट, सुयांसारखे लांब स्फटिक असतात आणि मधला भाग गडद असतो. साच्याच्या भिंतीकडून गोठायला सुरुवात होते. तेव्हा पाण्याचे शुद्ध स्फटिक आधी धरतात आणि साखर, आंबटपणा, रंग यांना आतल्या बाजूला आणि मधल्या फटींत सारतात. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ अंशांवर असतो, पण तेवढ्या थंडीतही फटींतला हा दाट पाक पुरता गोठत नाही. आपण चोखतो तेव्हा आधी तोच बाहेर येतो आणि बर्फ मागे राहतो. शिवाय घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो, त्यामुळे स्फटिक मोठे होतात आणि फटीही मोठ्या राहतात.

गराच्या कांडीत हे होत नाही, निदान मला खाताना जाणवेल इतकं तरी होत नाही. गरातले तंतू आणि पेक्टिन, म्हणजे फळातला दाटपणा आणणारा घटक, पाण्याला धरून ठेवतात. मिश्रण दाट असल्यामुळे पाणी आणि साखर एकमेकांपासून सहज सुटत नाहीत आणि स्फटिक बारीक राहतात. आंब्याच्या कांडीचा शेवटचा घास पहिल्या घासाइतकाच पिवळा आणि गोड लागतो. ही कांडी चोखण्यापेक्षा चावून खाल्ली जाते, हाही भाग आहेच. आणखी एक छोटं सुख म्हणजे काडी. दाट मिश्रणात ती खोचल्या खोचल्या सरळ उभी राहते. रसात ती कलंडते, म्हणून साच्याला काडी धरणारं झाकण नसेल तर वरचा थर धरेपर्यंत तासभर थांबून मग काडी खोचावी लागते.

गराची कांडी सगळ्याच बाबतीत सरस आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. निव्वळ आंब्याचा गर लावला तर ती चिकट आणि जड होते, खाताना गारवाच जाणवत नाही. तीन वाट्या गराला एक वाटी पाणी, थोडा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ, एवढ्यावर मला ती मोकळी वाटते. मिक्सरमधून काढल्यावर फेस येतो, तो बसू द्यावा लागतो. दाट मिश्रणात हवा अडकते, म्हणून भरलेला साचा ओट्यावर दोन-चारदा हलकेच आपटावा, नाहीतर कांडीला पोकळ खळगे पडतात. अननसाचे दोरे दातांत येतात, तेव्हा तो गर मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढलेला बरा. ही सगळी उठाठेव ज्यांना नको असेल, त्यांचं मला चूक वाटत नाही.

गोडीबद्दल एक गोष्ट दोन्हींना लागू आहे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. मिश्रण साच्यात भरण्याआधी चाखून पाहताना ते किंचित जास्तच गोड लागायला हवं, तेव्हाच गोठल्यावर बेताचं लागतं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते कलिंगड. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी आणि १०० ग्रॅममागे साधारण ६ ग्रॅम साखर, तर आंब्यात तीच १४ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे कलिंगड गरासकट फिरवलं तरी तो रसच होतो आणि कांडी पांढरी पडायची ती पडतेच. केळं घातलं की दाटपणा येतो, पण कलिंगडाचा स्वाद दबतो. स्ट्रॉबेरीचा गर मात्र छान मिसळतो, रंगही राखतो. फिरवण्याआधी कलिंगडाच्या बिया काढायला विसरू नका, वाटल्या गेल्या तर चव बिघडते. संत्र्या-मोसंबीचा रसच काढावा लागतो, तिथे मी निम्मा आंब्याचा किंवा अननसाचा गर मिसळतो.

रसाची कांडीच करायची असेल तर साचे लहान घ्यावेत. लहान कांडी लवकर गोठते आणि रंग उतरायच्या आत खाऊनही होते. रस आधी फ्रीजमध्ये चांगला गार करून मगच साच्यात भरला आणि साचा फ्रीजरच्या तळाला नीट टेकवून ठेवला तर पांढरेपणा बराच कमी होतो. पातळ आणि हलकं आवडणाऱ्या घरात ही कांडी मुळीच वाईट नाही. भरताना मात्र दोन्हींत अर्धा सेंटिमीटर जागा वर सोडावी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेल्या साच्याचं झाकण निघता निघत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर पिकून मऊ झालेला आंबा घ्या. निम्मे साचे त्याच्या गराने भरा, उरलेल्यांत संत्र्याचा गाळलेला रस लावा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी साचा काही सेकंद कोमट पाण्यात बुडवून कांड्या काढा आणि दोन्ही पार काडीपर्यंत खाऊन पाहा.