लिबरऑफिस कॅल्क: नोकरी सोडून धंद्यात पडणाऱ्यांसाठी एक रिव्ह्यू, वाढदिवसाच्या दिवशी लिहिलेला

आज २६ पूर्ण झाली. सकाळपासून सगळ्यांचे मेसेज येतायत आणि त्यात निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, की "मग कसं चाललंय तुझं वह्यांचं? परत नोकरी बघणारेस का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं की ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न मला आता झोप उडवत नाही तिचाच रिव्ह्यू लिहावा. ती म्हणजे लिबरऑफिस कॅल्क. हो, साधं स्प्रेडशीट, म्हणजे आकडे भरायचे खाने असलेला तक्ता, जो हिशोब आपोआप करतो. फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि माझ्या मते करिअर बदलायचा विचार करणाऱ्या माणसाने कुठलाही कोर्स लावायच्या आधी हे उघडून बसावं.

थोडं बॅकग्राउंड. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, डिग्रीनंतर लगेच सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये लागले, काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती, पण कॉलेजपासून हाताने वह्या बांधायचा नाद होता आणि तो काही सुटेना. आता तोच धंदा आहे. जुजबंदीच्या वह्या (मधोमध दुमडलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे, म्हणजे जुज, एकत्र शिवून केलेल्या), कापडी बांधणी, आतला कागद आपल्याला हवा तो. नोकरी सोडायच्या आधी कितीतरी महिने मी नुसता विचार करत होते, आणि नुसत्या विचाराचं काय होतं की भीती आणि उत्साह आलटून पालटून येतात, एका रात्री वाटतं उद्याच राजीनामा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी वाटतं आपलं डोकं फिरलंय. शीटमध्ये आकडे भरायला लागले तेव्हा पहिल्यांदा नीट काहीतरी दिसायला लागलं.

स्प्रेडशीटचा इतिहास मला फार आवडतो म्हणून सांगते. डॅन ब्रिकलिन नावाचा एक तरुण प्रोग्रामर होता, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम केलेला, तो पुढे हार्वर्डला बिझनेस शिकायला गेला. तिथे प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे आणि एक आकडा बदलला की पुढचं सगळं पुसून परत लिहावं लागायचं. याला वाटलं की हे आपोआप का होऊ नये. मग बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने व्हिजिकॅल्क नावाचं स्प्रेडशीट बनवलं, १९७९ साली ते ॲपल टू कॉम्प्युटरवर आलं. पुढे १९८३ ला लोटस वन-टू-थ्री, १९८५ ला एक्सेल (तेही आधी मॅकवर आलं, विंडोजवर नंतर), आणि लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून वेगळं झालं, द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळते. म्हणजे ज्या माणसाने हे पर्सनल कॉम्प्युटरवर पहिल्यांदा आणलं तोही प्रोग्रामिंग सोडून धंदा शिकायला निघालेलाच होता! मला याचा फार आधार वाटतो.

आता मुद्द्याचं. मी यात काय करते.

पहिली शीट सामानाची. १६० पानांची ए-फाइव्ह वही म्हणजे ए-फोरचे ४० कागद, पाच-पाच कागदांचे आठ जुज. रीममध्ये ५०० कागद असतात, म्हणजे एका रीममध्ये १२ वह्या होतात आणि २० कागद उरतात, दोन रीम एकत्र घेतल्या तर बरोबर २५. हे वाचायला अगदी किरकोळ वाटतं पण पुठ्ठा, कापड, दोरा, खळ, पॅकिंगचा खोका, प्रत्येकाचं असंच काहीतरी उरतं किंवा वाया जातं, कापड कापताना कडेची पट्टी जाते, एखादा पुठ्ठा वाकडा कापला जातो, आणि वेस्टेजचा कॉलम वेगळा ठेवला नाही तर तुमची किंमत पहिल्या दिवसापासून चुकीची असते. कॅल्कमध्ये हे एकदा मांडलं की कागदाचा भाव वाढला तर एकच खाना बदलायचा, बाकी सगळं खाली आपोआप बदलतं.

दुसरी शीट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. समजायला सोपे आकडे घेते, माझे खरे नाहीत. समजा वही १०० ला विकली. सामान ४०, पॅकिंग आणि पाठवणी १५, पेमेंट आणि विक्रीचं कमिशन ५ टक्के. हातात राहिले ४०. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे एकही वही विकली नाही तरी द्यावाच लागतो तो, समजा ४००० आहे. तर १०० वह्या विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. नफा १०१ व्या वहीपासून. आता मागच्या आठवड्यात माझी मैत्रीण म्हणाली, "अगं वाढदिवस आहे ना तुझा, १० टक्के ऑफर लाव की, लोक धडाधड घेतील." मी शीटमध्ये १०० च्या जागी ९० टाकलं. हातात राहिले साडेतीस. शून्यावर यायला १३२ वह्या. म्हणजे १० टक्के सूट दिली तर ३२ टक्के जास्त विक्री व्हायला हवी, आणि तीही फक्त तिथेच राहण्यासाठी, पुढे जाण्यासाठी नाही. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला, तिलाही पटलं. सूट देऊच नये असं माझं म्हणणं नाही, जुना स्टॉक पडून असेल तर जरूर द्यावी, पण देताना हा आकडा समोर असावा.

आणि आता गोल सीक. टूल्स मेनूमध्ये आहे, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, आणि करिअर बदलणाऱ्यांसाठी यापेक्षा कामाची गोष्ट मी बघितलेली नाही. नेहमी आपण आकडे टाकतो आणि उत्तर मिळतं, इथे उलटं, आपण उत्तर सांगायचं आणि कुठला आकडा बदलायचा ते दाखवायचं. मी विचारलं की मला पूर्वीच्या पगाराएवढे पैसे घरी न्यायचेत, तर महिन्याला किती वह्या? वरच्याच उदाहरणात पगार १२००० धरा, त्यात ठरलेला खर्च ४००० मिळवा, झाले १६०००, भागिले ४०. उत्तर ४०० वह्या.

छान. आता एका वहीला ४५ मिनिटं लागतात. ४०० वह्या म्हणजे ३०० तास. महिन्यात २५ दिवस आठ-आठ तास काम केलं तरी होतात २००, आणि त्यातले ५० तरी ऑर्डरी, मेसेज, पॅकिंग, सामान आणणं यात जातात. राहिले १५० तास, म्हणजे २०० वह्या. त्याच्यापुढे माझे हात जाऊच शकत नाहीत. कितीही जाहिरात केली, कितीही मेहनत घेतली, रात्री जागले, तरी या किमतीला हा धंदा मला तो पगार देणारच नव्हता, आणि हे मला धंदा सुरू करायच्या आधी घरी बसून कळलं.

मग २०० वह्या कायम ठेवून किंमत विचारली. उत्तर आलं १४२ च्या आसपास. म्हणजे प्रश्न बदलला, आता "जास्त कशा विकू" नाही तर "१४२ देऊन कोण घेईल आणि का घेईल". त्यातूनच मी स्केचबुकांकडे वळले, जाड कागद, पूर्ण सपाट उघडणारी शिलाई, चित्र काढणाऱ्यांना दोन्ही पानांवर सलग काम करता येतं आणि मधे खाच येत नाही, नाव आणि कापड त्यांच्या पसंतीचं. साध्या वहीला जास्त पैसे कोणी का द्यावेत, पण याला देतात, कारण त्यांना ते दुकानात सहज मिळत नाही. आज माझं बहुतेक काम हेच आहे.

तिसरी शीट रोकडीची, आणि ही नफ्याच्या शीटपासून वेगळीच ठेवा असं मी हात जोडून सांगेन. एका दुकानाने मोठी ऑर्डर दिली होती, पैसे दोन महिन्यांनी. कागदावर तो महिना मस्त नफ्याचा होता आणि बँकेत मात्र पुढच्या कागदाला पैसे नव्हते. विकलं कधी आणि पैसे आले कधी, या दोन तारखांचे दोन कॉलम करा, समइफ्सने (अट घालून बेरीज करणारं फंक्शन) महिन्यावार बेरीज घ्या, म्हणजे कुठला महिना कोरडा जाणार ते दोन महिने आधी दिसतं. तेव्हापासून मोठ्या ऑर्डरला अर्धे पैसे आधी घेते, लोक देतात, आपण विचारायला हवं.

याच शीटवर सगळ्यात वर एक खाना आहे, शिल्लक बचत भागिले महिन्याची निव्वळ घट. किती महिने तग धरू शकते ते तिथे दिसतं. बचतीतून आजारपणाचे पैसे आधीच वजा केलेत, ते धंद्याचे नाहीतच. आई सुरुवातीला रोज काळजी करायची, तिला मी हा खाना दाखवला आणि सांगितलं की हा आकडा चारच्या खाली गेला की मी अर्ज पाठवायला सुरुवात करणार. तिने विचारलं, "चारच का गं?" मी म्हटलं, "नोकरी शोधायला तीन-चार महिने धरायला नकोत का?" त्यानंतर तिने "काय ठरवलंस" असं विचारणं बंद केलं, आता विचारते "आकडा किती झाला". आमच्या घरातली भांडणं यामुळे खरंच कमी झाली.

अजून एक म्हणजे सिनॅरिओ, हेही टूल्समध्येच. एकाच शीटवर "नोकरी चालू, धंदा शनिवार-रविवार", "अर्धवेळ नोकरी", "पूर्ण धंदा" असे तीन संच ठेवून एका क्लिकवर बदलून बघता येतात. दादाने आग्रह केला म्हणून मी त्यात चौथा टाकला, "विक्री अंदाजाच्या निम्मी". तोच सगळ्यात उपयोगी निघाला. प्रत्येकाने तो टाकावा.

आता खटकणाऱ्या गोष्टी, कारण पाचपैकी पाच मी देत नाहीये. दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलवर काम करायचं असेल तर साध्या डेस्कटॉप कॅल्कमध्ये ते जमत नाही जसं गूगल शीट्समध्ये जमतं, पार्टनर असेल तर हा मोठा प्रश्न आहे. फोनवरून पटकन भरायचं तर तेही इथे नाही. एक्सेलच्या फाइल उघडतात, साध्या शीट अगदी नीट, पण मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम) भरलेली फाइल असेल तर सगळं चालेलच असं नाही. नवं काही शिकायचं तर व्हिडिओ बहुतेक एक्सेलचे मिळतात आणि मेनूंची जागा वेगळी. मात्र जुनं व्हर्जन असेल तर अपडेट कराच, एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक ही (यादीत शोधणारी, गाळणारी, क्रम लावणारी, एकसारख्या नोंदी एकदाच दाखवणारी) फंक्शन्स २४.८ मध्ये, म्हणजे २०२४ साली आली आणि ऑर्डरींची यादी सांभाळायला फार उपयोगी आहेत. ओळींची मर्यादा १०,४८,५७६ आहे, छोट्या धंद्याला आयुष्यभर पुरेल.

आणि एक धोका जो कुठल्याही स्प्रेडशीटला आहे, शीट चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे दाखवतं. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा देशांच्या कर्जावरचा पेपर आला, जगभर चर्चा झाली, आणि २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट तपासली तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश घ्यायचेच राहिले होते. (त्या पेपरबद्दल आक्षेप इतरही होते, पण हा तर निव्वळ फॉर्म्युल्याचा होता.) तेव्हा नवीन ओळ टाकली की बेरजेचा फॉर्म्युला तिथपर्यंत पोचतोय ना हे बघा. टूल्समध्ये डिटेक्टिव्ह आहे, कुठला खाना कुठून आकडा घेतो ते बाण काढून दाखवतो, दर महिन्याला एकदा फिरवायचा. कागदाचा कोड ३-५ असा काही टाकला तर ती तारीख होऊन बसू शकते, म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा.

शीटमध्ये काय मावत नाही तेही सांगते. जुने मित्र ऑफिसातल्या गमती सांगतात तेव्हा एकटेपणा जाणवतो, त्याला कॉलम नाही. पहिल्यांदा एक अनोळखी माणूस माझी स्केचबुक संपवून दुसरी मागायला आला त्या दिवशी जे वाटलं त्यालाही नाही. मी शेवटी एक "नोंदी" नावाची शीट केली, त्यात महिन्याला दोन-तीन ओळी लिहिते, फक्त मजकूर. राजीनामा द्यायचा निर्णय आकड्यांनी घेतला नाही, मीच घेतला, पण घेताना मला माहीत होतं की मी काय सोडतेय आणि किती दिवसांसाठी.

दर वाढदिवसाला फाइलची एक कॉपी तारखेच्या नावाने वेगळी ठेवते. गेल्या वर्षीची आज उघडली. विक्रीचा अंदाज तेव्हा जास्त धरला होता, किमतीचा कमी, आणि स्वतःच्या पगाराचा खाना रिकामा होता. यंदा तो भरलाय, जुन्या पगारापेक्षा अजून कमी आहे पण दर महिन्याला एक तारखेला जातो, नफा उरो न उरो. त्याच्या खाली आज एक नवीन ओळ टाकली, सुट्टीचे दिवस, कारण २५ दिवस गुणिले बारा महिने हा हिशोब कुठल्याच माणसाला झेपणारा नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पार्टनरबरोबर काम करणार असाल तर चार. कोणाला माझ्या शीटचा सांगाडा हवा असेल, आकडे काढून टाकलेला, तर मागा, पाठवते, पण स्वतःचे खर्च स्वतः भरा आणि "निम्मी विक्री" वाला सिनॅरिओ काढून टाकू नका.